आधी कोण, मग कोण?

खोपटच्या एस.टी. आगारावरून पहाटे जाताना आम्हाला नेहमी एका गोष्टीचे कुतूहल वाटते. पहिली गाडी फलाटाला लागण्यापूर्वी कितीतरी कामे उरकलेली असतात. गाडीत डिझेल भरलेले असते, चाकांतली हवा पाहिलेली असते, चालक-वाहकांची हजेरी लागलेली असते, वाहकाच्या हाती तिकिटाचे यंत्र आलेले असते. यांतली काही कामे एकमेकांसाठी खोळंबतात, काहींना एकमेकांचा पत्ताही नसतो. हवा आधी पाहिली की डिझेल आधी भरले, याने काही बिघडत नाही. पण हजेरी लागण्याआधी वाहकाच्या हाती यंत्र कोण देईल?

हा क्रम कागदावर उतरवायचा तर दोन रीती संभवतात. एक रीत सगळ्यांच्या ओळखीची. कामांना क्रमांक द्यायचे आणि यादी भिंतीला लावायची. दुसरी रीत थोडी निराळी आहे. प्रत्येक कामाची स्वतंत्र चिठ्ठी करायची आणि तिच्यावर एवढेच लिहायचे, की या कामाआधी कोणते काम झालेले हवे. क्रमांक कुठेच लिहायचा नाही. चिठ्ठ्या जुळवल्या की क्रम आपोआप निघतो.

खोपटची क्रमांकांची यादी उचलून कल्याणच्या आगारात नेली आणि तिथली कामांची वाटणी वेगळी निघाली, तर यादी पहिल्यापासून लिहावी लागेल. चिठ्ठ्या मात्र बऱ्याचशा तशाच चालतील. जे काम कल्याणला नाही त्याची चिठ्ठी काढायची, जे नवे आहे त्याची घालायची. एका प्रणालीच्या आरंभ-आज्ञावल्या दुसऱ्या, नात्यातल्या प्रणालीत नेऊन बसवणारे स्वयंसेवक नेमके हेच करतात. त्यांच्या कामाचे थोडे परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे. संगणकाच्या लेखनाची समीक्षा कसली करायची, असे काही वाचक म्हणतील. परंतु आरंभ-आज्ञावली हा माणसाने माणसाला वाचता येईल असा लिहिलेला मजकूर असतो. त्यात टिप्पणी असते, संक्षेप असतो, पाल्हाळ असतो, आणि जुन्या लेखकाच्या खुणाही असतात.

संगणकाचे बटण दाबल्यावर प्रणालीचा गाभा स्मृतीत येतो. तो यंत्राचे भाग ओळखतो आणि मग एकाच कार्यक्रमाला जागे करून बाजूला होतो. युनिक्सच्या घराण्यात या पहिल्या कार्यक्रमाचे नाव 'इनिट'. त्यानंतरचे सारे, म्हणजे डिस्क तपासणे, जाळ्याशी जोडणी करणे, घड्याळ लावणे, नोंदवही उघडणे, छपाईची सेवा सुरू करणे, हे साध्या मजकुराच्या फाईलींत लिहिलेल्या आज्ञांप्रमाणे होत असते. त्याच या आरंभ-आज्ञावल्या.

बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ही कामे 'आरसी' नावाच्या एका लांबलचक फाईलीत वरून खाली लिहिलेली असत. वाचायला सोपी, पण मधलीच एक सेवा थांबवून पुन्हा सुरू करायची झाली तर हाताशी काही नाही. ए.टी. अँड टी. कंपनीच्या 'सिस्टीम फाइव्ह' या शाखेने प्रत्येक सेवेची वेगळी फाईल केली आणि तिच्या नावातच दोन आकडी क्रमांक घातला. 20 नंतर 30. मध्ये काही आले तर 25, आणखी आले तर 27. बेसिक भाषेत ओळींना 10, 20, 30 असे क्रमांक देऊन ज्यांनी आज्ञावल्या लिहिल्या आहेत, त्यांना या युक्तीचे सुख आणि दुःख दोन्ही ठाऊक आहे. 27 हा आकडा 27 का आहे, हे फाईल कधीच सांगत नाही. कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते, आणि तो निघून गेला की कारणही जाते.

बर्कलेच्या वारशातून 1993 मध्ये दोन प्रकल्प उभे राहिले, नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी. दोन्ही मुक्त स्रोताचे, दोन्हींचा बराचसा भार स्वयंसेवकांवर. नेटबीएसडीला शक्य तितक्या जातींच्या यंत्रांवर चालायचे होते, फ्रीबीएसडीचा भर सुरुवातीला घरोघरच्या पीसीवर होता. डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या नेटबीएसडी 1.5 या आवृत्तीने ती लांबलचक फाईल मोडून तिच्या चिठ्ठ्या केल्या. या रचनेला 'आरसी डॉट डी' म्हणतात. ल्यूक म्यूबर्न यांनी 2001 साली बॉस्टनच्या युझेनिक्स परिषदेत तिच्यावर निबंध वाचला.

प्रत्येक फाईलीच्या डोक्यावर टिप्पणीच्या रूपात दोन-चार ओळी असतात. 'प्रोव्हाइड' म्हणजे मी काय पुरवते, 'रिक्वायर' म्हणजे माझ्याआधी कोण हवे, 'बिफोर' म्हणजे मी कोणाच्या आधी असले पाहिजे. हा तिसरा शब्द फार विचाराने ठेवलेला आहे. नव्या पाहुण्याला कोणाच्या पुढे उभे राहायचे असेल, तर त्याने दुसऱ्याच्या फाईलीला हात न लावता आपल्याच फाईलीत तसे लिहावे. या ओळी वाचून क्रम लावणाऱ्या 'आरसीऑर्डर' या छोट्या आज्ञावलीवर पेरी मेट्झगर आणि मॅथ्यू ग्रीन यांची नावे आहेत.

वर्गात हे खडू-फळ्याशिवाय करता येते. पाच मुलांना पाच चिठ्ठ्या द्या. 'डिस्क'ला कोणीच नको. 'नोंदवही'ला डिस्क हवी. 'जाळे' यालाही डिस्क हवी. 'नावे' म्हणजे दूरच्या संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा, तिला नोंदवही आणि जाळे दोन्ही हवेत. 'घड्याळ' दूरच्या संगणकाला वेळ विचारते, म्हणून त्याला नावे हवीत. पाच मुले 120 प्रकारे रांगेत उभी राहू शकतात. त्यांतले चालणारे प्रकार फक्त 2. आता सहावी चिठ्ठी 'छपाई' आणा, तिला फक्त नोंदवही हवी. एकूण रांगा 720, चालणाऱ्या 7. मुलांना त्या सातही शोधू द्या. आरसीऑर्डर सगळ्या रांगा तपासत बसत नाही. ती एक चिठ्ठी उचलते, तिला कोण हवे ते पाहते, आधी त्याच्याकडे जाते, त्यालाही कोणी हवे असेल तर त्याच्याकडे. ज्याचे कोणी बाकी नाही त्याला रांगेत उभे करून मागे फिरते. फिरता फिरता हातात असलेलीच चिठ्ठी पुन्हा समोर आली, तर कोणीतरी चक्र करून ठेवले आहे हे कळते. घड्याळाच्या चिठ्ठीवर 'छपाई हवी' आणि छपाईच्या चिठ्ठीवर 'घड्याळ हवे' असे लिहून पाहा. मुले हसतील, आणि मग गोंधळतील.

या लेखनातली आम्हाला सर्वात आवडलेली गोष्ट ही, की कारण आता मजकुरात आले. घड्याळाची फाईल उघडली की तिला नावे हवीत हे तिथेच दिसते. लेखक गेला तरी कारण उरते.

दोषही सांगायला हवेत. पहिला असा, की 'रिक्वायर' हा शब्द आपल्या अर्थापेक्षा मोठा आहे. वाचणाऱ्याला वाटते, नावांची सेवा नीट सुरू झाल्याशिवाय घड्याळ लावले जाणार नाही. प्रत्यक्षात तो शब्द फक्त रांगेतला क्रम सांगतो. नावांची सेवा सुरू होताच कोसळली, किंवा मालकाने ती बंदच ठेवली असली, तरी घड्याळाची पाळी ठरल्याप्रमाणे येते. 'आधी' आणि 'झाल्यावर' यांत मराठीत जो फरक आपण सहज करतो, तो या शब्दाने पुसून टाकला आहे.

दुसरा दोष गमतीचा आहे. चिठ्ठ्यांची संख्या वाढल्यावर प्रत्येकाने सगळ्यांची नावे लिहिणे जड जाऊ लागले. म्हणून 'डेमन', 'सर्व्हर्स', 'लॉगिन' अशा स्वतः काहीच न करणाऱ्या फाईली ठेवल्या गेल्या. त्या नुसते मैलाचे दगड आहेत. बाकीच्या फाईली लिहितात, आम्ही डेमनच्या नंतर, लॉगिनच्या आधी. म्हणजे समोरच्या दाराने घालवलेले क्रमांक मागच्या दाराने परत आले, फक्त आकड्यांऐवजी नावे घेऊन. तरीही ही तडजोड आम्हाला मान्य आहे. दोनशे प्रवाशांच्या रांगेत प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा 'खांबाच्या अलीकडे' म्हणणे सोपे असते.

आता मुख्य विषय, या फाईली फ्रीबीएसडीत नेण्याचा. फ्रीबीएसडीच्या जुन्या आरंभ-आज्ञावल्या चार-सहा मोठ्या फाईलींत विभागलेल्या होत्या, पण क्रम आतून पक्का बांधलेला होता. जून 2002 मध्ये माइक मकोनन यांनी बराच काळ सांभाळलेले बदल फ्रीबीएसडीच्या मुख्य साठ्यात दाखल झाले आणि जानेवारी 2003 च्या 5.0 या आवृत्तीबरोबर ते सर्वांच्या हाती आले. रोप उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षा हे काम कलम करण्याजवळचे होते. फांदी एका झाडाची, खोड दुसऱ्याचे.

आरंभीचा हेतू उदार होता. फाईल एकच असावी, आणि ती दोन्ही प्रणालींत चालावी. त्यासाठी दोन युक्त्या योजल्या गेल्या. पहिली म्हणजे 'कीवर्ड' या शब्दापुढे ही फाईल कोणाची ते लिहायचे. एकावर 'फ्रीबीएसडी नेटबीएसडी', दुसरीवर नुसते 'नेटबीएसडी'. फ्रीबीएसडी सुरू होताना फक्त स्वतःचे नाव असलेल्याच फाईली निवडी. दुसरी युक्ती एका बारीक फरकासाठी होती. एखादी सेवा चालू ठेवायची की नाही, हे मालक एका वेगळ्या फाईलीत लिहून ठेवतो. नेटबीएसडीत तिथे नुसते सेवेचे नाव लिहून 'होय' म्हणतात. फ्रीबीएसडीत नावाला 'एनेबल' अशी शेपटी लावावी लागते. म्हणून प्रत्येक फाईल सुरू होताच एका लहानशा उपआज्ञावलीला विचारी, मी कोणत्या घरात आहे, आणि इथे मला काय म्हणतात?

पहिल्या युक्तीशी आमचा फार जवळून संबंध आला. 2003 सालची गोष्ट. आम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी होतो आणि हवेचा दाब व तापमान दर मिनिटाला टिपणारे एक यंत्र आमच्या ताब्यात होते. त्याच्यामागचा संगणक जुना झाला म्हणून नेटबीएसडीवरची आमची आरंभ-आज्ञावली आम्ही फ्रीबीएसडी 5 च्या नव्या संगणकावर नेली. हाताने चालवून पाहिली, उत्तम चालली. निर्धास्त होऊन आम्ही घरी आलो. पुढे जोराच्या पावसात वीज गेली, आली, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि नोंदी मात्र झाल्या नाहीत. पाच दिवसांनी ते लक्षात आले. कुठे एका अक्षराचीही तक्रार नव्हती. फाईल तिच्या जागी होती, तिच्यात चूक नव्हती. तिच्या डोक्यावर 'फ्रीबीएसडी' ही चिठ्ठी चिकटवायची आम्ही विसरलो होतो, एवढेच. निवडीच्या वेळी तिला कोणी विचारलेच नाही. चूक आमची होती हे आम्ही तेव्हाही कबूल केले. ऐन आषाढातले ते पाच दिवस प्रबंधात मोकळेच राहिले.

पण चूक करणे इतके सोपे आणि ती सापडणे इतके अवघड असेल, तर रचनेकडेही बोट दाखवावे लागते. नाव नसेल तर आत घेऊ नका, हा नियम उलटा हवा होता. नको असेल त्याच्यावर तसे लिहा, बाकी सगळे आत, असा. ऑक्टोबर 2004 मध्ये फ्रीबीएसडीने 'फ्रीबीएसडी' या नावाची अट काढून टाकली आणि नियम बहुतांशी तसाच झाला. आज त्या जागी 'नोजेल' असा शब्द दिसतो. प्रणालीच्या बंदिस्त कप्प्यात ही फाईल चालवू नका, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मते त्या घराण्याच्या इतिहासातली ही अगदी योग्य दुरुस्ती आहे. मात्र फ्रीबीएसडीत आरसीऑर्डरचे इशारे, म्हणजे 'इथे चक्र आहे' किंवा 'ही वस्तू कोणीच पुरवत नाही' अशा तक्रारी, सुरू होताना वर्षानुवर्षे सरळ कचऱ्यात वळवल्या जात असत, ही सवय आम्हाला आजही पटत नाही. पडद्यावर नको असलेल्या ओळी कमी होतात खऱ्या. वर्गातली कुरबुर ऐकू येऊ नये म्हणून दार लावून घेण्याचा हा प्रकार झाला.

दुसरी युक्ती 2012 पर्यंत टिकली. 'मी कोणत्या घरात' हा प्रश्न विचारायला प्रत्येक फाईलीला एक वेगळी प्रक्रिया जन्माला घालावी लागे. मोठ्या संगणकाला ते जाणवत नसे, परंतु लहान यंत्रांवर सुरू होण्याचा वेळ त्याने वाढे. म्हणून त्या वर्षी उत्तर थेट लिहून टाकण्यात आले. प्रश्न संपला, आणि त्याबरोबर दोन घरांसाठी एक फाईल ही कल्पनाही संपली.

हे असे का झाले? वेळ वाचवणे हे जाहीर कारण होते आणि ते खोटे नाही. आम्हाला मात्र त्यामागे स्वयंसेवकांच्या कामाची एक मर्यादा दिसते. ज्याच्या घरी फ्रीबीएसडीचा संगणक आहे, तो फाईलीतला फ्रीबीएसडीचा भाग रोज चालवतो. 'नेटबीएसडी असेल तर' या वाक्याखालचा भाग तो कधीच चालवत नाही, कारण तसे यंत्र त्याच्याकडे नाही. तो भाग बरोबर आहे असे तो समजून चालतो. जो मजकूर कोणी चालवत नाही तो हळूहळू कुजतो, आणि शेवटी कोणीतरी साफसफाईच्या दिवशी तो काढून टाकतो. दोन शाळांना एकच प्रयोगवही वापरायला दिली आणि एका शाळेत सूक्ष्मदर्शकच नसला, तर त्या पानांवरच्या चुका तिथे कधीच सापडणार नाहीत. एक फाईल दोघांची ठेवायची तर दोन्ही यंत्रांवर ती चालवून पाहणारी माणसे हवी होती. ती व्यवस्था न करता नुसती दोन नावे लिहिली, हा आमच्या दृष्टीने त्या प्रयत्नाचा खरा दोष.

तरीही नाते पुरते तुटले नाही. सर्व फाईलींना लागणाऱ्या उपआज्ञावल्या 'आरसी डॉट सब्र' या एका फाईलीत असतात. फ्रीबीएसडीच्या त्या फाईलीच्या डोक्यावर पुढेही नेटबीएसडीची आवृत्ती 1.67 आणि ऑक्टोबर 2006 ही तारीख लिहिलेली राहिली. म्हणजे 2004 ची अट गेल्यावरही पलीकडचे बदल पाहून, निवडून, हाताने इकडे आणणे चालू होते. मूळ लेखकाच्या खुणेची ती ओळ पुसायची गरज कोणाला वाटली नाही, हे आम्हाला फार सभ्यपणाचे वाटते.

तिसऱ्या भावंडाने, ओपनबीएसडीने, वेगळीच वाट धरली. नेटबीएसडीतून 1995 मध्ये फुटलेल्या या प्रणालीने आरसी डॉट डी हे नाव आणि सेवा थांबवण्या-सुरू करण्याची सोय 2011 च्या 4.9 आवृत्तीत घेतली, पण चिठ्ठ्यांवरून क्रम लावणे घेतले नाही. क्रम अजून मुख्य फाईलीत आणि एका यादीत हाताने लिहितात. सेवा थोड्या असतील तर हेच शहाणपणाचे, असे म्हणता येईल. सहा चिठ्ठ्यांसाठी कशाला यंत्र?

लिनक्सच्या घराण्यात हीच गोष्ट जरा कडवट होते. डेबियन ही प्रणालीही स्वयंसेवकांची. तिथे क्रमांकांची रीत बराच काळ होती. 2011 च्या आवृत्तीपासून तिथेही फाईलीच्या डोक्यावर गरजा लिहून क्रम लावणे रूढ झाले. पण 2015 मध्ये डेबियनने 'सिस्टीमडी' ही सर्वस्वी निराळी रचना मुख्य म्हणून स्वीकारली. तिच्यात 'आधी' आणि 'हवे' हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणजे वर सांगितलेला पहिला दोष तिने दूर केला, आणि सेवा एकाच वेळी सुरू करून वेळही वाचवला. ज्यांना तिचा पसारा मान्य नव्हता त्यांनी 2014 च्या अखेरीस डेव्हुआन नावाची फांदी काढली. तिची पहिली पक्की आवृत्ती 2017 मध्ये आली. जुन्या पद्धतीच्या आरंभ-आज्ञावल्या डेबियनमधल्या एकेका पॅकेजमधून गळू लागल्या. नव्या रचनेचा सांभाळकर्ता जुनी फाईल चालवत नाही, मग तो ती कशाला ठेवील? पुन्हा तीच गोष्ट. डेबियनच्याच काही स्वयंसेवकांनी अशा टाकलेल्या फाईली गोळा करून एक पॅकेज केले. त्याचे नावच 'अनाथ सिस-व्ही-इनिट आज्ञावल्या' अशा अर्थाचे आहे. इथे फाईलीला निदान ती चालवून पाहणारा माणूस मिळाला, जो फ्रीबीएसडी-नेटबीएसडीच्या सामाईक फाईलीला मिळाला नव्हता. म्हणून हे गरिबाघरचे पॅकेज आम्हाला त्या उदार योजनेपेक्षा भक्कम वाटते.

सी-डॅकने 2007 मध्ये आणलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरूनच बेतलेली आहे, तेव्हा हा वाद कुठल्या परक्या देशातला आहे असे समजू नये. शाळेतल्या एखाद्या संगणकावर बॉस, डेबियन किंवा उबुंटू असेल, तर 'ईटीसी' या फोल्डरातले 'इनिट डॉट डी' उघडून पाहावे. फाईल नुसती वाचल्याने काही बिघडत नाही. तिच्या डोक्यावर गरजा लिहिलेल्या असल्या तर त्या चिठ्ठ्यांवर उतरवून मुलांना वाटाव्यात. फोल्डर रिकामे किंवा जवळजवळ रिकामे असेल, तर नव्या रचनेच्या फाईली 'लिब' फोल्डरातल्या 'सिस्टीमडी'त सापडतील. तिथे 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' हे दोन शब्द एकाच फाईलीत कुठे शेजारी येतात आणि कुठे एकटे, हे मुलांना शोधायला सांगावे.